माझा बाप कुठल्या वाटेनं गेला

"तुझा बाप अंधारात गेला. म्हण."

महाराज वरच्या पायरीवर. मी खालच्या. मधे सात पायऱ्या. मागं धरणगावची निम्मी वस्ती बसलेली. माझ्या मुठीत माती होती, माझ्याच बापाच्या थडग्यावरची. ऊन असं की पायाखालचा दगड पोळत होता आणि मी एक पाय उचलून दुसरा टेकवत होते.

"म्हण ना," महाराज परत म्हणाले. रागावून नाही. हसून, पोराला औषध पाजतात तसं. "माझा बाप आंधळ्या वाटेनं गेला, मी त्याला मागं टाकलं. एवढंच म्हणायचं. माती खड्ड्यात टाक आणि वर ये."

वर यायचं. आमच्या महारवाड्यातलं कुणी आजवर त्या सात पायऱ्या चढलेलं नव्हतं. मी पहिली चढणार होते. वय असेल अठरा-एकोणीस. आमच्या जन्माच्या नोंदी कोण ठेवणार? मानमोडीची साथ आली तेव्हा मी दहाएक वर्षांची होते, एवढं माय सांगायची. त्यावरून हिशेब.

थांबा. आधी बाप सांगते. तो कळल्याशिवाय माझं काही कळायचं नाही.

माझा बाप गावचा महार. सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, कुणी गेलं की पंचक्रोशीत पायी जाऊन कळवायचं. उंच, काळा, बोलायला कमी. मानमोडी आली आणि गावात घरटी मढं पडायला लागलं. ताप, खोकला, दोन दिवसांत माणूस निळा. खांदेकरी सकाळी खांदा द्यायचे आणि संध्याकाळी स्वतःच झोपायचे. मग गावाला आमची आठवण झाली. एरवी आमची सावली चालत नव्हती. साथीत खांदा चालला.

बापानं बठ्ठे, म्हणजे सगळे, उचलले. बामणाचे, वाण्याचे, तेल्याचे, मुसलमानाचे. कुणाचं सरणाला, कुणाचं कबरीला. एक दिवस जीनवाल्या शेठकडून बोलावणं आलं. कापसाच्या जीनचे, सरकी काढायच्या कारखान्याचे मालक. थोरले शेठ गेले होते. घरात सगळे तापानं आडवे, एकटे धाकटे शेठ दारात उभे. ते बापाला म्हणाले, "आज शिवाशिव बघू नको, उचल." बापानं उचललं. पार नदीपर्यंत नेलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, मी मागं लाकडं घेऊन होते. परत येताना बघितलं तर शेठच्या घरचा उंबरा धुऊन वाळत होता.

पाचव्या दिवशी बाप गेला. तिरडी धरायला वाड्यात धड उभी अशी दोनच माणसं होती. तिसरी माय. चौथी मी. माझा खांदा बुटका, त्यामुळं तिरडी सगळा रस्ता माझ्याकडं कललेली. बापाचा हात सुटून माझ्या कानाला लागत होता. तो थंडपणा मला अजून कानापाशी जाणवतो.

तर असा माझा बाप.

पुढं माय आणि मी त्याच शेठच्या जीनमधे कामाला लागलो. धाकटे शेठ आता नुसते शेठ झाले होते. आम्ही बाया ओळीनं बसून कापूस निवडायचो. पिवळी, किडकी कवडी बाजूला, वाळल्या पानाची पत्ती बाजूला, पांढरं पांढऱ्यात. कापसाला विटाळ नव्हता बघा. आमच्या हातून निवडलेला कापूस कुठं कुठं जाऊन कुणाच्या अंगावर सोवळ्याचं धोतर होऊन बसायचा. विटाळ फक्त पाण्याला.

आमचा मुकादम म्हातारा. त्याला सगळे आबा म्हणायचे. त्यानं मला कामाची एक गोष्ट शिकवली. गाडी आली की वरचा कापूस बघून भुलायचं नाही. विकणारा वर दुधासारखा पांढरा पसरतो. पोटात कवडी, पोटात पाणी मारलेला ओला माल. आबा म्हणायचे, "डोळा वर ठेवू नको, पोरी. कोपरापर्यंत हात घाल आणि आतून मूठभर काढ. ते काय ते खरं." माझा हात बारीक, तो खोल जायचा. मी काढलेल्या मुठीवर गाड्या परत गेल्यात. गाडीवान शिव्या घालायचे. मला बरं वाटायचं.

अक्षरंही तिथंच शिकले. शाळेत कोण घेतंय? रुईच्या गाठींवर पत्र्याचा ठसा ठेवून शाईनं शेठचं नाव, गावाचं नाव उमटवायचे. मी आबांना विचारायचे, हे काय, ते काय. आधी ध आला, मग र, मग ण. गावाचं नाव आलं, मग दुकानांच्या पाट्या आल्या. दोन वर्षांत भज्यांच्या कागदावरचं वाचायला लागले. वाड्यात वाचणारी मी एकटी.

आणि मग आले एकवाटे.

लोक त्यांना एकवाटे म्हणत. महाराज दक्षिणेकडून आलेले, भगवे नाही, पांढरे कपडे. गावाबाहेर मठ बांधला. शेठनं जागा दिली, शेठनंच विहीर खणून दिली. महाराजांचं म्हणणं एकच. जगात खरी वाट एकच आहे, ती ही. बाकीचे देव, बाकीचे धर्म, बाकीचे पंथ आंधळ्या वाटा. त्या वाटेनं गेलेला माणूस अंधारात जातो, मग तो राजा असो. आणि या वाटेवर जात नाही. मनगटाला सुताचा गंडा बांधला की माणूस नुसता माणूस.

जात नाही! आम्ही काय ऐकलं असेल त्यात, तुम्हीच बघा. आमची माणसं नाल्याच्या वाळूत झिरे खणून, वाटीवाटीनं पाणी काढायची. उन्हाळ्यात एक घागर भरायला सकाळची दुपार व्हायची. आणि इथं विहीर. काठोकाठ.

माय म्हणाली, "चाल व माय, बांधी लेऊत."

बांधला. आमच्या वाड्यातल्या तेरा घरांनी बांधला. खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं. त्यांची भजनं गोड. तिथं एक अक्का होत्या, विधवा, त्या मला "बाळ" म्हणायच्या. मला आजवर वाड्याबाहेरचं कुणी बाळ म्हटलं नव्हतं. त्यांनी मला पोथी हातात दिली. हातात! मी ती सहा महिन्यांत पाठ केली. खाली बसून मी म्हणायचे आणि वर बसलेले ऐकायचे.

हो, खाली. कारण आमचा गंडा कच्चा होता. एक वर्षाची शुद्धी, मग पक्का. कच्च्यानं सात पायऱ्यांवरच्या मंडपात चढायचं नाही. कच्च्यानं विहिरीला दोर लावायचा नाही. पक्क्यांपैकी एक जण वरून ओतायचा, आम्ही खाली घागर धरायची. निम्मं मातीत. पण निम्मं तर निम्मं. वर्षभराचाच प्रश्न, असं माय म्हणायची.

जीनमधे माझ्या शेजारी गेंदा बसायची. भिल्लीण. तोंडाची फटकळ. ती माझा गंडा बघून म्हणाली, "काय व, माणूस व्हयनी का तू?"

"वर्षानं होईन," मी म्हटलं.

"मंग आते काय शे?" बाया हसल्या. तिनं कवडी बाजूला टाकली आणि म्हणाली, "मागला बाजारले दुसरा एक महाराज उना व्हता. तो बी म्हने आमनीच वाट खरी. त्याना मांगला बी तेच म्हने. बठ्ठासनी वाट खरी, मंग चुकस कोन?"

बाया खो खो हसल्या. मीही हसले. पण ते डोक्यात राहिलं. चुकतं कोण?

मी भोळेपणानं महाराजांना विचारलं. शपथ घेऊन सांगते, वाद घालायला नाही. "महाराज, आपलीच वाट खरी, हे कशावरून?"

"पोथीत आहे."

"आणि पोथी खरी कशावरून?"

"गुरूंनी दिली."

"आणि गुरू?"

"पोथीत त्यांचं नाव आहे, बाळ. तूच तर पाठ केलीस." मंडपातले हसले. महाराजही हसले. मी पण मान खाली घालून हसले. पण घरी येताना तेल्याच्या घाण्याशी थांबले. बैल फिरत होता. डोळ्याला झापड. बिचारा कोस दोन कोस चालला असेल आणि होता तिथंच होता. मला आबांचं आठवलं. हे सगळं वरचं पांढरं बघणं झालं. आत हात कुठं घातला मी?

पण विहीर डोळ्यांपुढं होती. मी गप्प बसले. मीही भुलत होते, हे सांगितलं पाहिजे. दुसऱ्याचा ओला कापूस पकडणारी मी, स्वतःच्या गाडीला हात लावायला भीत होते.

वर्ष सरलं. पक्क्या गंड्याचा दिवस ठरला. अक्कांनी मला नीट समजावलं. त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या बापाच्या नावाची मूठभर माती आणायची. थडगं असेल तर थडग्यावरची, नसेल तर उंबऱ्याची. बापाचं नाव घ्यायचं, तो आंधळ्या वाटेनं गेला असं म्हणायचं, माती खड्ड्यात टाकायची. मागची गाठ सुटते. मग गंडा पक्का. वाड्यातून पहिली मी, पोथी येते म्हणून. मग एकेक करून बठ्ठा वाडा. आणि विहिरीला आपल्या हातानं दोर.

माय पहाटे थडग्यावर गेली. बोटांनी उकरून माती काढली आणि माझ्या मुठीत दिली. नखांत माती तशीच होती तिच्या.

त्याच दिवशी शेठचाही गंडा पक्का व्हायचा होता. शेठनं गंडा बांधून महिनाही झाला नव्हता. त्यांना वर्षाची शुद्धी नाही. का, तर मन आधीच शुद्ध होतं म्हणे. बरं, तेही आम्ही गिळलं.

शेठ पहिले. वरच उभे, महाराजांच्या शेजारी. शेठच्या हातात माती नव्हती. मी म्हटलं, विसरले असतील. महाराजांनी हात वर केला आणि म्हणाले, "शेठजींचे वडील फार पुण्यवान. त्यांना वाट जन्मतःच कळली होती, फक्त वाटेचं नाव माहीत नव्हतं. ते उजेडातच गेले. त्यांच्या नावानं माती टाकायची गरज नाही." लोकांनी माना डोलावल्या. गंडा बांधला. टाळ वाजले.

आणि मग महाराज माझ्याकडं वळले.

"तुझा बाप अंधारात गेला. म्हण."

सुरुवातीला सांगितलं ते हे. पायाला चटका, मुठीत माती, मागं लोक. वाड्यातली माणसं सगळ्यांत शेवटी, कुंपणाला टेकून, रिकाम्या घागरी घेऊन बसलेली. म्हणजे मी म्हटलं की लगेच दोर लावायला. माझी माय पण.

मी तोंड उघडलं. म्हणणार होते, देवाशपथ. माझा बाप, एवढं म्हटलंही. आणि कानापाशी थंड लागलं. तो हात. सुटलेला.

मी वर शेठकडं बघितलं. शेठ दुसरीकडं बघत होते. महाराज परगावचे, त्यांना माहीत नव्हतं. पण शेठला माहीत होतं. शेठनं मला ओळखलं होतं, आणि कुणाची माती माझ्या मुठीत आहे तेही ओळखलं होतं. एक शब्द बोलायचा होता त्यांनी. नाही बोलले.

तिथं माझा हात आत गेला. कोपरापर्यंत. आणि आतला माल मुठीत आला.

मी महाराजांना नाही, शेठना विचारलं. "शेठ, थोरल्या शेठना नदीपर्यंत कुणी नेलं?"

महाराज म्हणाले, "हे काय मधेच?"

"मधे नाही, महाराज. हेच आहे. थोरल्या शेठना वाटेचं नाव माहीत नव्हतं, माझ्या बापालाही नव्हतं. थोरले शेठ घरात पडले होते, उचलायला माणूस नव्हतं. माझ्या बापानं उचललं, त्यातच तो मेला. ज्याला खांद्यावर नेलं तो उजेडात आणि नेणारा अंधारात? एकाच रस्त्यानं गेले ना दोघं?"

मंडपातून कुणीतरी ओरडलं, "महारडे, तोंड सांभाळ!"

बघा. वर्षभर माणूस होत होते. एका प्रश्नात परत महारडी झाले. ज्यानं हाक मारली त्याच्या मनगटाला पक्का गंडा होता.

अक्का खाली मान घालून बसल्या. त्यांचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्याही उठल्या नाहीत.

महाराज शांत आवाजात म्हणाले, "बाळ, वाट चुकशील. खरी वाट ही एकच आहे."

मी म्हटलं, "मना बाप अंधारमा नही." आमच्या बोलीत म्हटलं. इतका वेळ मी त्यांच्यासारखं शुद्ध बोलत होते. "आणि असला, तर मले बी तथंच जानं शे."

गंडा सोडायला गेले तर गाठ सुटेना, वर्षभर पाणी लागून घट्ट बसलेली. मी दातानं तोडला. पायरीवर ठेवला. मूठ मिटलेलीच ठेवून लोकांमधून चालत बाहेर आले. कुणी मला वाट दिली म्हणता? शिवू नये म्हणून बाजूला झाले.

आता पुढचं अवघड आहे. इथं गोष्ट संपली असती तर मी शूर ठरले असते.

कुंपणाशी वाड्यातली माणसं उभी. वाड्याचा पंच, त्याला आम्ही नाना म्हणायचो. नाना माझ्यापुढं आडवा आला. "एक मरेल बापसाठे बठ्ठा वाडा तहानं मारशी का व तू?"

त्याचं खोटं नव्हतं. तेरा घरं, लेकरं, दोन बाळंतिणी. आणि उन्हाळा अजून महिनाभर. पाणी होतं, माझ्या तोंडच्या एका वाक्यावर होतं, आणि मी ते सांडलं. मी खाली बसले.

मग माय बोलली. माझी माय, जिनं स्वतः चाल म्हटलं होतं, जिनं स्वतः माती उकरली होती. ती म्हणाली, "नाना, इन्हा मांगे तुमना नंबर व्हता. तुमना बापनं नाव लेतात का तुम्ही?"

नानाचा बापही मानमोडीतच गेलेला. माझ्या बापाबरोबर मढी वाहताना. नाना रिकामी घागर उचलून नाल्याकडं चालायला लागला. काही जण त्याच्यामागं गेले. काही नाही गेले. चार घरांनी पुढल्या आठवड्यात बापाच्या नावानं माती टाकली आणि पक्का गंडा बांधला. मी त्यांना बोल लावत नाही. तहान मीही पाहिली आहे. पण ऐका, त्या चार घरांना दोर मिळाला नाही. त्यांच्यासाठी विहिरीच्या मागल्या अंगाला वेगळा पोहरा टांगला. पक्क्यातलेही कच्चे.

मी माती परत थडग्यावर ठेवली. सोमवारी जीनच्या फाटकावर आबांनी मला अडवलं. "शेठनं नाही म्हटलं, पोरी." डोळे पुसत म्हणाले. मी म्हटलं, "आबा, तुम्हीच शिकवलं ना हात घालायला." ते म्हणाले, "कापसात म्हटलं होतं गं." मग दोघंही हसलो, रडलो, काय ते कळेना. मायलाही काढलं. आम्ही शेंगा खुडल्या, शेणी थापल्या, दुसऱ्याच्या रानात दिवस काढले.

सगळा उन्हाळा मी झिऱ्याशी बसून विचार करत होते. वाटीभर पाणी साठायला वेळ लागतो, तेवढ्यात पुष्कळ विचार होतो. एक कळलं. आम्ही पाणी मागत होतो आणि मठवाले त्याच्या बदल्यात आमचा बाप मागत होते. हा सौदाच मुळी खोटा. पाणी कुठल्या वाटेचं नसतं. गावाच्या सरकारी विहिरीतलं पाणी गावाचं, आणि गावात आम्हीही आहोत. त्यासाठी गंडा कशाला? शुद्धी कशाला? बापाला शिव्या कशाला?

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही सात बाया भर दुपारी बाजारातल्या सरकारी विहिरीवर गेलो. माय होती. गेंदा पण आली, म्हणाली, मले बी तहान लागस. पहिल्या दिवशी आमच्या घागरी फोडल्या. बठ्ठ्या. मायच्या कपाळाला खापरी लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही घासलेटचे डबे घेऊन गेलो. डबा फुटत नाही. लाथ मारली तर चेपतो. चेपलेले डबे घेऊन आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. आणि चौथ्या. पाणी मिळायला किती दिवस लागले, किती डोकी फुटली, ते सांगत बसत नाही. जात राहिलो, एवढं सांगते.

आता मी धुळ्याला देवपुरात लेकीकडं असते. माणसं येतात. चांगली, सालस, हातात पुस्तक घेतलेली. कधी या धर्माची, कधी त्या. "आजी, खरा मार्ग एकच," असं सांगतात. मी चटई टाकते. पाणी देते, आणि पेला तोंडाला लागतो का बघते. भांडत नाही. खरं एकच असेलही, मला काय ठाऊक? मी काही बठ्ठं जग बघितलेलं नाही. त्यांचं पुस्तक मागून घेते, वाचते, आवडलं तर आवडलं म्हणते. वरचा कापूस पांढरा असतोच, तो कुणाचाही असो.

मग विचारते. मानमोडीत परक्यांची मढी वाहून मेलेला एक माणूस होता, त्यानं तुमचं नावही ऐकलं नव्हतं. तो कुठं आहे? आणि तुमच्या मठाला विहीर खणून देणाऱ्याचा बाप, तो कुठं आहे?

दोघांना एकच उत्तर देणारा भेटला तर मी त्याचं पुढचं ऐकेन. अजून तरी भेटला नाही. बहुतेक जण आधी माझ्याकडं बघतात, मग दाराकडं.

माझं मनगट रिकामं आहे. ते तसंच माझ्याबरोबर मातीत जाईल. माझ्या पोरींना मी सांगून ठेवलंय, उद्या माझ्या नावानं मूठभर माती मागायला कुणी दारात आलं, तर मूठ उघडायची नाही.